गावच्या कबड्डीचा ताम्रपट

आज आपण बोलणार आहोत गावोगावच्या कबड्डीबद्दल, आणि सुरुवात करू खारेपाटणपासून. म्हणाल, खारेपाटण म्हटलं की ताम्रपट आठवतो, कबड्डी कुठून आली? सांगतो.

शके 930, म्हणजे इ.स. 1008 चा रट्टराजाचा ताम्रपट इथला. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ आपल्याला कळते ती मुख्यतः त्यातून. सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा राजे. तांब्यावर कोरले म्हणून हजार वर्षं टिकले.

आता जरा लांब जाऊ, ऑस्ट्रेलियात. तिथला स्वतःचा असा फुटबॉल आहे. लंबगोल चेंडू, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू. 17 मे 1859 रोजी मेलबर्न क्लबच्या काही सभासदांनी बसून त्याचे दहा नियम लिहिले. तो हस्तलिखित कागद आजही जपलेला आहे. पुढे गावागावांच्या लीग उभ्या राहिल्या. शेजारची गावं हंगामभर एकमेकांशी खेळतात, दर आठवड्याला निकाल आणि गुणतक्ता लागतो. तरुण शहरात गेले, संघ भरेना, तेव्हा कट्टर वैरी गावांनी संघ एकत्र केले. त्या गावाची वस्ती कधी ओसरली, हे लीगच्या नोंदींवरूनही सांगता येतं.

आपल्याकडे काय झालं? खेळ जुनाच, हुतूतू. त्याचे प्रकार तीन. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा आत येतो. गमिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. अमरमध्ये बाद झाला तरी मैदान सोडत नाही, फक्त गुण मोजायचा. गावागणिक नियम वेगळे, त्यामुळे भांडणंही ठरलेली! 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापले. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला प्रात्यक्षिकं दाखवली. 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, आणि संजीवनी प्रकार सगळीकडे रुळला. या कामात आयुष्य घालवलेल्या शंकरराव उर्फ बुवा साळवींचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

हा झाला वरचा इतिहास. खालचा इतिहास घडला भातकापणीनंतरच्या मोकळ्या शेतात आणि गिरणगावातल्या चाळींच्या पटांगणात. कोकणातला माणूस परळ-लालबागला गिरणीत लागला, गावकऱ्यांच्या खोलीत राहिला, संध्याकाळी मंडळाच्या मैदानात उतरला. शिमग्याला किंवा मे महिन्यात हाच चाकरमानी गावी यायचा, तेव्हा गावचा संघ पुरा व्हायचा. मुंबईत शिकलेली पकड गावात यायची, गावच्या शेतात कमावलेला दम मुंबईत जायचा. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. कित्येकांना पुन्हा गिरणीचा भोंगा ऐकायला मिळाला नाही. चाळीतल्या खोल्या गेल्या, माणसं पांगली, आणि हा येण्याजाण्याचा धागा विरला.

खेळ मात्र संपला नाही. 2014 पासून प्रो कबड्डी टीव्हीवर आली. गावात आजही रात्री दिवे लावून स्पर्धा होतात. पण एक फरक ध्यानात घ्या. आपल्याकडे प्रत्येक मंडळ आपली स्पर्धा भरवतं, दोन-तीन रात्रींत ती उरकते. लीगचा गुणतक्ता मागे राहतो. आपल्या स्पर्धेतून मागे राहते ती ढाल. ढालीवर वर्ष आणि क्रमांक असतो, पण त्या रात्री चढाई कोणी केली, लोण कोणी चढवला, पंच कोण होता, मुंबईहून कोण रजा टाकून आला होता, हे तिच्यावर नसतं. ते असतं सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या डोक्यात.

तेव्हा आपण एवढं करू. मंडळाच्या कपाटातली जुनी पत्रकं, वर्गणीच्या वह्या, संघाचे फोटो बाहेर काढू. फोटोच्या मागे नावं लिहू, आणि ती नावं सांगणारी माणसं आहेत तोवरच लिहू. रट्टराजाने आपल्या दहा पिढ्या कोरून ठेवल्या. आपल्या संघात तर सातच गडी असतात. त्यांची नावं लिहायला तांबं लागत नाही, एक वही पुरते.