गोधडी, गादी आणि दमा

सातपुड्याचा घाट उतरून नागपूरच्या बाजूस आले, म्हणजे काळ्या जमिनीच्या पट्ट्यात पांढुर्णा व सौंसर ही गावे लागतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. इथल्या घरांत बोली मराठी आणि शेतांत कापूस. कापसाच्या मुलखात माणसे कशावर निजत आली, हा प्रश्न कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरात एखादे मूल मध्यरात्री धाप लागून उठून बसते आणि पहाटेपर्यंत आडवे होऊ शकत नाही, त्या घरात तो क्षुल्लक नसतो.

सर्वसाधारण कुटुंबाचे अंथरूण म्हणजे गोधडी. जुनी लुगडी, धोतरे थरावर थर घालून बारीक टाक्यांनी शिवलेली. कोकणी वाचक तिला वाकळ म्हणून ओळखतील. गादी ही पुढची पायरी. पिंजाऱ्याने धुनकीवर पिंजलेला कापूस खोळीत भरून ती होई, आणि दारी लग्न ठरले की नवी भरली जाई. गादीवर निजणे हे सुस्थितीचे लक्षण झाले, ते आजतागायत. (सौंसरजवळच्या जामसावळीला शयन करणाऱ्या मारुतिरायाला मात्र भुईवाचून बिछाना नाही.)

धुळीने श्वास अडतो, हे आपल्या वैद्यांना ठाऊक होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात श्वासविकाराच्या कारणांत धूळ, धूर आणि वारा यांचा उल्लेख आहे. युरोपात बिछान्याकडेच बोट दाखविणारा पहिला प्रसिद्ध वैद्य म्हणजे इटलीचा कार्दानो. १५५२ साली तो स्कॉटलंडच्या आर्चबिशप हॅमिल्टनचा दमा पाहावयास एडिंबरोस गेला आणि पिसांचे अंथरूण टाकून रेशमाचे घ्यावे, असे त्याने सांगितले. रोग्यास आराम पडला. पुढे १५७१ साली हा आर्चबिशप राजकारणापायी फासावर गेला, तो भाग निराळा.

कार्दानोने दोष पिसांना दिला आणि पुढे चारशे वर्षे सगळे वस्तूलाच दोष देत राहिले. ‘अॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या पिर्के यांनी १९०६ साली बनविला. परंतु घरच्या धुळीत नेमके काय बाधते, ते १९६४ साली हॉलंडमधील लायडेन येथे फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकलले. कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढा ‘माइट’ नावाचा जीव अंथरुणात राहतो. आपल्या अंगावरून गळणारी त्वचेची भुकटी हे त्याचे अन्न, आणि त्याची विष्ठा हे दम्याचे व शिंकांचे एक मोठे कारण. त्याला पाणी पिता येत नाही. हवेतील दमटपणावर तो जगतो.

हे कळल्यावर प्रश्नच पालटतो. अंथरूण कशाचे आहे यापेक्षा ते धुता येते का, आणि त्यात हा जीव शिरू शकतो का, हे पाहावे लागते. पिसांच्या उशीऐवजी कृत्रिम धाग्यांची उशी घ्यावी, असा सल्ला बरीच वर्षे दिला जाई. पण १९९० नंतरच्या पाहण्यांत कृत्रिम उशीवर निजणाऱ्यांतच घरघर अधिक आढळली. पिसे बाहेर येऊ नयेत म्हणून त्या उशीचे कापड फार घट्ट विणलेले असते. माइटलाही तोच अडसर होत असावा. घट्ट विणीच्या खोळी विकत मिळतात, त्यांचा निकालही एकसुरी नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत दम्याच्या ११२२ प्रौढ रोग्यांना नुसत्या खोळींनी लाभ झाला नाही. २०१७ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी मुलांवर केलेल्या चाचणीत मात्र दम्याच्या उबळीने तातडीने इस्पितळात न्यावे लागण्याचे प्रसंग कमी झाले.

आता गोधडीकडे वळू. पितृपक्षात, घटस्थापनेच्या आधी, घरातले सर्व अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याची आपली जुनी रीत आहे. तिला ‘दसरा काढणे’ म्हणतात. पांढुर्ण्यास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, त्यानंतर महिन्याभरात हा दसरा येतो. पावसाळ्याच्या ओलीत माइट वाढलेले असतात, तेव्हाच ही धुलाई होते. थंड पाण्याने माइट मरत नाहीत, परंतु त्यांची घाण बरीचशी निघून जाते. पाणी ५५ अंशांहून अधिक कढत असेल तर जीवही मरतात. उन्हाविषयी सिडनीच्या संशोधकांनी १९९४ साली दाखविले की, कडक उन्हात टाकलेल्या गालिच्यांतील सर्व माइट मेले. वैशाखातील इथले कोरडे ऊन तर याहून उणे नसावे. गोवा-कोकणातल्या दमट हवेत ही सोय नाही. तिथे पांघरुणे वर्षभर अधिक वेळा धुवावी लागतील.

आपल्या पूर्वजांनी हे शास्त्र जाणून केले, असे मी म्हणणार नाही. त्यांना नवरात्रासाठी घर शुचिर्भूत करावयाचे होते. पण ती रीत गोधडीलाच लागू पडत होती, गादीला नव्हे. कापसाची गादी धुता येत नाही. ती निदान उन्हात टाकून झोडता तरी येई, आणि काही वर्षांनी पिंजाऱ्याकडून कापूस पुन्हा पिंजून घेत. कारखान्यातली वीतभर जाडीची गादी गच्चीवर नेणे एकट्या माणसाचे काम नाही. तेव्हा ज्या घरी दमेकरी आहे, त्यांनी तिला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घालावी, वर धुता येईल अशी चादर व पातळ गोधडी घ्यावी, आणि ती दर आठवड्यास कढत पाण्यातून काढावी. झोडणे-झटकणे रोग्याने स्वतः करू नये. प्रत्येक दमा अंथरुणातूनच उद्भवतो असेही नाही. त्वचेची चाचणी करून डॉक्टर ते सांगू शकतात, आणि त्यांनी दिलेले औषध गोधडी धुतली म्हणून बंद करावयाचे नाही.

राहता राहिला कापूस निवडावा की सावरीचा, हा प्रश्न. सावरीची उशी मऊ व हलकी खरी, पण तीही धुता येत नाही. तिलाही खोळ हवीच.