देवीचा व्रण आणि इयर एटचा फॉर्म

मुलगा यंदा इयर एटमध्ये. शाळेतून एचपीव्ही लसीचा संमती फॉर्म आला आणि मी तो दोन आठवडे तसाच ठेवला. क्लायंटच्या मागे ३१ जानेवारीच्या टॅक्स रिटर्नसाठी हात धुऊन लागणारी मी! मनात एकच: इतक्या लवकर? आणि मुलाला कशाला?

पुण्याला आईशी बोलले. ती हसली, "माझ्या दंडावर देवीचा व्रण आहे ना? तेव्हा कुणी फॉर्म भरला होता गं?"

मग जरा वाचत बसले. तो व्रण ज्या लसीचा, ती जन्मली इथेच, इंग्लंडात. १७९६ साली ग्लॉस्टरशायरमधल्या बर्कली गावात एडवर्ड जेनरने आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला ती टोचली. १४ जून १८०२ ला मुंबईत तीन वर्षांच्या अॅना डस्टहॉलला मिळाली, हिंदुस्थानातली पहिली. तेव्हा ना फ्रिज, ना विमान. एकाच्या दंडावरच्या फोडातली लस दुसऱ्याला टोचायची, अशी ती बगदाद, बसऱ्याकडून आली आणि अॅनाच्या दंडावरून पुढे गेली. १९८० साली देवी जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. त्यात या चिमुकल्या दंडांचा केवढा वाटा!

आता आपला फॉर्म. ब्रिटनमध्ये शाळांतून एचपीव्ही लस सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाली, तीही फक्त मुलींना, गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळायला. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये इंग्लंडचा हिशेब आला: १२-१३ व्या वर्षी ज्यांना लस देऊ केली, त्यांच्यात हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी घटला. १६-१८ व्या वर्षी देऊ केली, तिथे फक्त ३४ टक्के. विषाणूशी गाठ पडण्याआधीच लस हवी, म्हणून ही घाई. हाच विषाणू पुरुषांनाही घशाचा वगैरे कॅन्सर देतो, म्हणून २०१९ पासून मुलगेही आले. सप्टेंबर २०२३ पासून बहुतेकांना एकच डोस पुरतो.

आकडे बघून माझं तोंड बंद झालं. त्याच रात्री फॉर्म भरला.

पुढे इयर नाइनला टिटॅनस-डिप्थीरिया-पोलिओचा बूस्टर आणि मेनिंजायटिसची मेनएसीडब्ल्यूवाय येते. एमएमआरचे दोन्ही डोस झालेत का, तेही रेड बुकमध्ये बघून घ्या. भारतातून मोठी होऊन आलेली मुलं असतील तर विशेष. एचपीव्ही राहून गेली असली, तरी साधारण पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत घेता येते. जीपीला विचारा.

काय मग, तुमचा फॉर्म कुठल्या इनबॉक्समध्ये पडलाय?