डोळ्यांना ऊब किती द्यावी

डोळे कोरडे पडणे, चुरचुरणे, पापण्या जड होणे यांवर ओल्या उबेचा शेक देण्याची पद्धत महाराष्ट्रात फार जुनी आहे. कोमट पाण्यात फडके भिजवायचे, घट्ट पिळायचे आणि मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचे, एवढाच हा उपचार. त्याला साधन लागत नाही, पैसा लागत नाही. म्हणून तो वैद्याच्या घरी जसा टिकला, तसाच पुणे जिल्ह्यातील वेल्ह्याहून केळदकडे, पुढे मढे घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या पासलीसारख्या दूरच्या गावांतही टिकू शकला. त्याचा इतिहास मात्र केवळ घरगुती नाही. डोळ्यासारख्या नाजूक अवयवाला ऊब किती द्यावी, किती वेळ द्यावी आणि केव्हा देऊ नये, हा प्रश्न दोन हजार वर्षे विचारला गेला आहे आणि त्याची उत्तरे लेखी उपलब्ध आहेत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय स्वेदनाचा, म्हणजे शेकण्याचा आणि घाम काढण्याचा आहे. अंगाला शेक कसा द्यावा हे सांगताना वृषण, हृदय आणि डोळे हे तीन अवयव त्यात वेगळे काढले आहेत. त्यांना शेक द्यायचाच झाला तर अगदी सौम्य द्यावा, नाहीतर देऊच नये, असा तेथे दंडक आहे. अंगाला शेक देताना डोळ्यांवर स्वच्छ कापडाची घडी, गव्हाच्या कणकेचा गोळा किंवा कमळाच्या पाकळ्या ठेवाव्यात, असेही सांगितले आहे. शेकाची परंपरा डोळ्यांच्या बाबतीत सुरू होते ती अशी, संरक्षणापासून.

सुश्रुताने उत्तरतंत्रात डोळ्यांचे 76 रोग मोजले. त्यांतील एकाचे नाव ‘शुष्काक्षिपाक’. पापण्या रुक्ष आणि कठीण होणे, डोळा उघडताना त्रास होणे, आग होणे, दिसणे गढूळ होणे ही त्याची लक्षणे आजच्या कोरड्या डोळ्यांच्या रुग्णाने सांगितलेल्या तक्रारींशी बरीच जुळतात. दोन्ही आजार एकच आहेत असे ठामपणे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. जुन्या ग्रंथांतील रोग लक्षणांच्या समूहांवर बेतलेले आहेत, आजचे निदान अवयवाच्या बिघाडावर. उपचारांकडे पाहिले तर फरक आणखी स्पष्ट होतो. वातामुळे डोळे आले असता सुश्रुत एरंडाची पाने, मूळ आणि साल घालून उकळलेल्या शेळीच्या दुधाची सोसवेल अशी कोमट धार सांगतो. शुष्काक्षिपाकात मात्र तूप पिणे, डोळ्यांत औषधी तूप धरणे, नस्य (नाकात औषध सोडणे) आणि सैंधव घातलेल्या थंड दुधाचे सिंचन सांगतो. म्हणजे ‘कोरडे डोळे, म्हणून शेक’ असे सरधोपट समीकरण मूळ ग्रंथात नाही. कोरडेपणावर त्याचा भर स्निग्धतेवर आहे.

आज आपण ज्याला ओला शेक म्हणतो, त्याचे सर्वांत स्वच्छ वर्णन वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात मिळते. रुग्णाला वारा नसलेल्या जागी बसवायचे. वैद्याने डाव्या हाताने डोळा उघडायचा, उजव्या हातातील शिंपल्यातून कापसाच्या लोंबत्या वातीने नाकाकडच्या कोपऱ्यात दोन अंगुळे उंचीवरून औषधाचे दहा-बारा थेंब सोडायचे. मग मऊ कापडाने डोळा पुसायचा आणि कफ-वाताचा त्रास असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या दुसऱ्या कापडाने हळुवार शेक द्यायचा. औषध वातात उष्ण, कफात कोमट, रक्त-पित्तात थंड असावे, असा भेदही केला आहे. त्यापुढचे वाक्य तर आजच्या दवाखान्याच्या भिंतीवर लावण्यासारखे आहे. औषध अति उष्ण किंवा अति तीक्ष्ण असेल तर डोळा दुखतो, लाल होतो आणि दृष्टीही जाऊ शकते, असा इशारा तेथे आहे. उपचार सांगतानाच त्याचा धोका सांगणारा हा वैद्य फार विश्वासार्ह वाटतो.

वाग्भटाचा हा ग्रंथ मराठी मुलखात विशेष रुजला. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात त्यावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. पुढे 1880 मध्ये अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादित केलेले अष्टांगहृदय मुंबईत छापून निघाले आणि हस्तलिखिताच्या पोथीत अडकलेला मजकूर वैद्यांच्या हाती छापील रूपात आला. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ने औषधींची माहिती मराठी घरापर्यंत नेली. पुण्यात 1933 मध्ये टिळक आयुर्वेद महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा गुरूकडून शिष्याकडे जाणारी ही क्रिया वर्गात शिकवली जाऊ लागली.

शार्ङ्गधर या वैद्यकग्रंथकाराने डोळ्यांवरच्या अशा क्रियांना वेळेचे मापही दिले आहे. मिटलेल्या डोळ्यावर चार अंगुळे उंचीवरून बारीक धार धरण्याला तो ‘सेक’ म्हणतो. स्निग्धता आणण्यासाठी ही धार 600 मात्रा, व्रण भरण्यासाठी 400, खरवडून काढण्यासारख्या क्रियेसाठी 300 मात्रा धरावी, असे तो सांगतो. घड्याळ नसलेल्या काळात मनाशी मोजत धरलेली ही धार काही मिनिटांची होते. स्निग्धतेसाठी सर्वांत जास्त वेळ, हे त्यात लक्षात घेण्याजोगे आहे.

घराघरांत हे ज्ञान श्लोकांतून नव्हे, हाताच्या सवयीतून पोचले. रांजणवाडी आली की तळहातावर बोट घासायचे आणि गरम झालेले बोट पापणीवर टेकवायचे, हे मराठी घरात जवळजवळ प्रत्येकाने केलेले असते. कुठे तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी, कुठे कोमट केलेले एरंडाचे पान. विसाव्या शतकात त्यात बोरिक पावडर घातलेल्या कोमट पाण्याची भर पडली आणि कापसाचा बोळा त्यात बुडवून डोळे शेकणे ही घरगुती रीत झाली. यांत पुरचुंडी हा कोरडा शेक. कोरडी उष्णता कातडीवर एकाच जागी चटकन चढते आणि तापलेल्या मिठाचा अंदाज हाताला नीट येत नाही. ओले फडके पापणीच्या आकाराला बसते, ऊब सारखी पसरवते आणि फार गरम असेल तर हातालाच आधी कळते. डोळ्यांसाठी ओला शेक अधिक सुरक्षित, तो याच कारणाने.

वेल्हे तालुक्याच्या (आताच्या राजगड तालुक्याच्या) खोऱ्यांत डोळ्यांचा त्रास हवेच्या कोरडेपणातून आलेला नाही. सह्याद्रीच्या माथ्यालगतचा हा प्रदेश धो धो पावसाचा. 1948 मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत हा भाग भोरच्या पंतसचिवांच्या राज्यात होता. भात, नाचणी, वरई ही इथली पिके आणि त्या शेतीला राबाची जोड. भाताचे रोप टाकण्याआधी जमिनीवर शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्या पसरून राब भाजायचा, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी शिवारभर धूर. पावसाळ्यात तो धूर घरात येतो. ओल धरलेली लाकडे चुलीत घालायची, फुंकणीने जाळ धरायचा, आणि सोप्यापासून माजघरापर्यंत धूर कोंडायचा. या धुरात सर्वांत जास्त वेळ बसते ती बाई. धुराने डोळ्यांतून पाणी वाहते, पण अश्रूंचा थर स्थिर राहत नाही. पाणी येत असूनही डोळा चुरचुरतो आणि कोरडा वाटतो.

गेल्या शतकात या चुरचुरीला खुपऱ्यांची साथ होती. खुपऱ्यांच्या संसर्गाने पापणीच्या आतल्या बाजूला वण पडतात, अश्रू आणि तेल पाझरणारी रचना बिघडते आणि डोळा कायमचा कोरडा होऊ शकतो. मोरचुदाचा खडा पापणीच्या आत फिरवणे हा त्यावरचा जुना दवाखान्यातला उपाय होता आणि तो अतिशय वेदनादायक होता. 1963 मध्ये राष्ट्रीय खुपऱ्या नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, प्रतिजैविक मलमे आली, आणि 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्या हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नसल्याचे जाहीर केले. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने मुलांच्या डोळ्यांना येणारी शुष्कता ही आणखी वेगळी. तिच्यासाठी 1970 पासून मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम देशभर चालला. या दोन्ही प्रकारांत शेकाचा उपयोग नाही, ही गोष्ट घरगुती उपचारांवर बोलताना नेहमी सुटते.

शेक नेमका कुठे लागू पडतो हे युरोप-अमेरिकेत सावकाश उलगडत गेले. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने 1666 मध्ये पापणीच्या कडेला असलेल्या ग्रंथींचे वर्णन केले. वरच्या पापणीत या साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 असतात. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरते. 1903 मध्ये शिर्मर यांनी कागदाच्या पट्टीने अश्रू मोजण्याची चाचणी दिली, 1933 मध्ये स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन यांनी तोंड व डोळे कोरडे पडणाऱ्या विकाराचे सविस्तर वर्णन केले. पण तोवर सगळे लक्ष पाण्यावर होते. तेलाचा थर काढला तर डोळ्यावरचे पाणी कितीतरी जलद उडून जाते, हे मिशिमा आणि मॉरिस यांनी 1961 मध्ये सशांवर दाखवले. 1980 मध्ये कॉर्ब आणि हेन्रिकेझ यांनी या ग्रंथींच्या बिघाडाला वेगळे नाव दिले. डोळे कोरडे पडणाऱ्या मोठ्या संख्येच्या रुग्णांत मूळ दोष पाण्याचा नसून तेलाचा असतो, हे त्यानंतर मान्य होत गेले.

बिघडलेल्या ग्रंथीतील तेल हिवाळ्यात थिजलेल्या तुपासारखे घट्ट होते आणि तोंडाशी अडकून बसते. ते सैल होण्यासाठी पापणीच्या आतल्या बाजूचे तापमान सुमारे 40 अंश सेल्सियसपर्यंत जावे लागते. त्यासाठी बाहेरचे फडके थोडे अधिक गरम, पण 45 अंशांच्या वर कधीही नाही. इथेच घरगुती शेकाची उणीव उघडी पडते. ओले फडके मिनिटा-दोन मिनिटांत निवते. म्हणून ते दर दोन मिनिटांनी बदलावे आणि एकूण पाच ते दहा मिनिटे शेक चालू ठेवावा, असे आता सांगितले जाते. शेकानंतर पापणी कडेच्या दिशेने, वरची खाली आणि खालची वर, हलके चोळली की सैल झालेले तेल बाहेर येते. शेकताना डोळ्याचा गोळा दाबू नये, कारण उबेने बुबुळ मऊ पडलेले असते. 2011 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एक उपकरण हेच काम पापणीला आतून 42.5 अंशांची ऊब आणि बाहेरून दाब देऊन 12 मिनिटांत करते. त्याचा खर्च मोठा आहे आणि तत्त्व फडक्याचेच आहे.

वैद्यांनी उष्ण, कोमट आणि थंड असा जो भेद केला होता, तो आजही मोडलेला नाही. डोळे आले असतील, चिकट घाण येत असेल, किंवा ॲलर्जीने डोळे खाजून लाल झाले असतील तर गरम शेक देऊ नये. ॲलर्जीत थंड पाण्याची पट्टी बरी. दृष्टी अंधुक होत असेल, उजेड सोसवत नसेल, डोळ्याला मार लागला असेल तर शेकत बसण्यापेक्षा नेत्रतज्ज्ञाकडे जाणे गरजेचे. एकाचे फडके दुसऱ्याने वापरू नये आणि दर वेळी ते धुऊन उन्हात वाळवावे.

वेल्ह्याच्या खोऱ्यांत शेकाला जे मोल आहे, ते धुराशी जोडलेले आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी अनेक घरांत पोचवली, पण सिलिंडर संपला की चूल पेटते आणि पावसाळ्यात ती जास्तच पेटते. शेकाने थिजलेले तेल सैल होते, धुराने रोज नव्याने बिघडणारा थर शेकाने दुरुस्त होत नाही. पासलीसारख्या गावातील बाईच्या डोळ्यांसाठी रात्री दहा मिनिटांचा ओला शेक जरूर द्यावा, आणि त्याआधी चुलीला धुराडे बसवावे.