पटावरचे प्यादे

पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की खेळाच्या तासाला आमची मुले वर्गातच बसतात. कुणी लुडो मांडतो, कुणी बुद्धिबळ. असाच एक तास चालू असताना सातवीतल्या एका मुलाने हातातला मोहरा दाखवून विचारले, "सर, हम इसको वजीर बोलते, फिर अंग्रेजी में क्वीन कैसे?"

प्रश्न साधा होता, पण आम्हाला तो फार दूर घेऊन गेला.

हा खेळ आपल्याच देशातला. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगांची फौज. इथून तो इराणात गेला आणि त्याचे शतरंज झाले. इराणातून तो अरबांकडे आला. दहाव्या शतकात बगदादच्या अब्बासी दरबारात अस-सूली नावाचा नामांकित खेळाडू होता, त्याने शतरंजवर ग्रंथही लिहिले. अरबांकडून खेळ युरोपात पोहोचला आणि तिथे वजिराची राणी झाली. जुन्या शतरंजात वजीर तिरका एकच घर चालत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची लांब चाल मिळाली. मराठीत आपण ज्याला उंट म्हणतो त्याला उर्दूत फील, म्हणजे हत्ती म्हणतात. मुलूख बदलला की मोहऱ्याचे नाव बदलते, चाल बदलते. प्यादे मात्र सगळीकडे प्यादेच राहिले.

आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, शतरंजचे शौकीन होते. खेळता खेळता ते एक वाक्य नेहमी बोलत, "पैले प्यादा मरता, बादशा खडा रहता." लहानपणी आम्हाला तो खेळाचा नियम वाटायचा. पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा कळले की दादा फक्त खेळाविषयी बोलत नव्हते.

राजकारण आणि लढाई यांना पटाच्या खेळाचे वेड जुने आहे. १८२४ साली प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धाचा खेळ तयार केला. लाल आणि निळ्या तुकड्या, किती माणसे पडली ते ठरवायला फासे, आणि मध्ये एक पंच. प्रशियाच्या फौजेत अधिकाऱ्यांना या खेळातून लढाईचे शिक्षण मिळू लागले. फासा पडला की कागदावर आकडा कमी व्हायचा. कुणाच्या घरात रडारड व्हायची नाही.

पुढे युरोप-अमेरिकेत हौशी लोकही असले युद्धाचे खेळ खेळू लागले. त्यांच्यातल्याच गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. त्यात फौज चालवायची नसते. प्रत्येक खेळाडू एकच माणूस होतो, त्याचे नाव ठरवतो, त्याच्या तोंडून बोलतो, संकट आले की त्याच्या जागी उभा राहून काय करायचे ते ठरवतो. आमच्या भूमसारख्या गावात असले खेळ कुणी पाहिलेले नाहीत. पण त्यामागची गोष्ट आम्हाला पटली. हजार माणसांची तुकडी बाजूला ठेवून एका माणसाच्या नजरेने बघणे ही लहान बाब नाही.

सिनेमातही हे दोन्ही प्रकार आढळतात. सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी' हा १९७७चा चित्रपट पाहा. मुन्शी प्रेमचंदांच्या कथेवर तो आधारलेला आहे. १८५६ साली कंपनी सरकार अवध गिळत असते आणि लखनौचे दोन सरदार शतरंज खेळत बसलेले असतात. कथेत ते दोघे एकमेकांना ठार करतात. रायसाहेबांनी त्यांना जिवंत ठेवले आणि शेवटी ते इंग्रजी पद्धतीने डाव मांडतात. वजीर जातो, राणी येते. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे एक उत्तर तिथेही आहे. याउलट १९७४ साली प्रदर्शित झालेल्या एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा'ची गोष्ट पुढाऱ्यांची नाही. आग्र्यात जोड्यांचा कारखाना चालवणारा एक सलीम मिर्झा आणि त्याचे कुटुंब, एवढ्यावर फाळणी समजते.

आता आपल्या पटाकडे येऊ. १९४८ साली आमचा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. रझाकारांनी जुलूम केले, यात शंका नाही. बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यासारख्या गावांनी ते भोगले. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाह खान यांनी संस्थान भारतात सामील व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. ते मुसलमान होते हे मुद्दाम सांगावे लागते, कारण बहुतेकांना त्यांचे नावच ठाऊक नसते.

१३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गावर आली. १७ तारखेला निजामाने हार मानली. पाच दिवसांत डाव संपला. मग मोहऱ्यांचे काय झाले? निजाम मीर उस्मान अली खान १९५० पासून १९५६ पर्यंत राज्याचे राजप्रमुख राहिले. वजीर मीर लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोहोचले. रझवी १९५७ साली तुरुंगातून सुटला आणि तोही पाकिस्तानात गेला.

राहिले प्यादे. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गावोगाव फिरून अहवाल दिला. ॲक्शनच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होते. उरलेले तीन गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. मेलेले बहुतेक शेतकरी, मजूर, कारागीर, दुकानदार होते. त्याच अहवालात हेही आहे की अनेक ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवले, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले. हा अहवाल सरकारने तेव्हा प्रसिद्ध केला नाही. तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात लोकांना पाहता येऊ लागला तो २०१३ साली. म्हणजे पासष्ट वर्षांनी.

दादा त्या वेळी पोरवयात होते. "ॲक्शन" एवढाच शब्द ते उच्चारत आणि गप्प होत. आम्हीही कधी खोदून विचारले नाही, याची आज खंत वाटते.

२०२४ साली 'रझाकार' नावाचा तेलुगू चित्रपट आला. रझाकारांचा जुलूम हा त्याचा विषय. जुलूम झाला, तो दाखवलाच पाहिजे. पण पडद्यावरचा नट रात्री दाढी उतरवून घरी जातो. आमच्या पोरांना ती सोय नाही. एका शाळेत मुक्तिदिनाच्या नाटकात रझाकाराचे काम आमच्या ओळखीच्या एका मुलाला मिळाले. "तुला मेकअप लागणार नाही," असे कुणीतरी हसत म्हणाले. मूल घरी येऊन आईला विचारू लागले, "अम्मी, हम रझाकार थे क्या?" खेळातली भूमिका माणूस स्वतः निवडतो आणि डाव संपला की खाली ठेवतो. इतिहासात ती आपल्यावर लादली जाते आणि नातवंडांपर्यंत पोहोचते.

म्हणून गेल्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर आम्ही वर्गात एक वेगळा खेळ घेतला. चिठ्ठ्या केल्या: शेतकरी, विणकर, दुकानदार, संपादक, शिपाई, रझाकार. धर्म कुठेच लिहिला नाही. ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने तो माणूस व्हायचे आणि उत्तर द्यायचे, "रात्री शेजाऱ्याने दार वाजवले, तू काय करशील?" संपादकाची चिठ्ठी आलेल्या मुलीला आम्ही शोएबुल्लाह खानांची हकीकत सांगितली. ती म्हणाली, "डर लगेगा, फिर भी लिखूँगी." रझाकाराची चिठ्ठी ज्याला आली तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मैं दार खोलूँगा. और ये चिठ्ठी फाड दूँगा."

आम्ही त्याला शाबासकी दिली, पण मनात म्हटले, बेटा, तुझ्या हातात निदान चिठ्ठी तरी होती.

आपण मुसलमानांनी रझाकारांचे पाप झाकू नये आणि आपले मेलेलेही विसरू नयेत. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगता आल्या पाहिजेत, आणि त्या मराठीत सांगितल्या पाहिजेत, कारण ज्या शेजाऱ्याने दार उघडले त्याची आणि आपली ही सामाईक भाषा आहे. ज्यांच्या घरात अजून कुणी त्या काळचे म्हातारे माणूस असेल, त्यांनी आजच त्याच्याजवळ बसावे. आम्ही उशीर केला, तुम्ही करू नका.