लेखणी कोणाच्या मालकीची?



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हटले की शिवकाल, पेशवाई किंवा सत्तावनचा उठाव हे विषय आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. आम्ही आज जो इतिहास सांगणार आहोत तो उणापुरा चाळीस वर्षांचा आहे आणि त्यात तलवारींचा खणखणाट नाही. कचेरीतले अर्ज, हिशेब आणि तक्ते ज्या सॉफ्टवेअरवर तयार होतात, त्याचा हा इतिहास. आम्ही विद्यापीठातले पंडित नव्हे. आमची शाळा कारखान्याच्या फाटकाबाहेर भरली. तथापि कामगार चळवळीत कागद सांभाळता सांभाळता एक गोष्ट आम्हांला कळून चुकली. ज्याचा कागद टिकला, त्याचा हक्क टिकला.

ही शिकवण नवी नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे 5,500 सह्यांचे निवेदन तयार करून ते फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. त्याच लोखंड्यांनी 'दीनबंधु' हे पत्र हाती घेऊन चालवले. मागणी करायची तर लिहिण्याचे साधन आपल्या हाती हवे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आपल्या शेजारी अंबरनाथचे शिवमंदिर आहे. तेथील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा. शिलाहारांचे राज्य लयाला गेले, पण तो लेख जाणकाराला आजही वाचता येतो. कारण त्या अक्षरांची रीत कोणा एका कारागिराने कुलुपात ठेवली नव्हती. उलट मोडीचे पाहा. एके काळी घरोघरच्या व्यवहाराची ही लिपी. आज जमिनीच्या दाव्यात जुना दस्त निघाला की मोडी वाचणारा शोधत फिरावे लागते. कागद शाबूत, अर्थ मात्र परका. तरी मोडी शिकता येते. संगणकाच्या काळात मात्र जिची बाराखडीच मालकाच्या तिजोरीत आहे, अशी एक नवी मोडी जन्माला आली.

तिचा फटका आम्ही स्वतः खाल्ला आहे. सोनिवलीहून कामावर जाणाऱ्या काही कंत्राटी कामगारांच्या हजेरीचे तक्ते आम्ही एका टंकलेखनाच्या दुकानात मराठीत करून घेतले होते. काही वर्षांनी प्रकरण सुनावणीला आले. तोवर दुकानातले यंत्र बदलले होते. फाईल उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची नुसती खिचडी उमटली. खरे कारण असे की त्या फाईलमध्ये मराठी अक्षरे मुळी साठवलेलीच नव्हती. साठवली होती इंग्रजी अक्षरे. विशिष्ट विकतचा फाँट त्यांच्यावर देवनागरीचे सोंग चढवीत असे. फाँट गेला आणि सोंग उतरले. छापील प्रतींवरून आम्ही रात्री जागून तक्ते पुन्हा केले. पण एका वयस्क कामगाराच्या दोन वर्षांच्या हजेरीचे पान छापील गठ्ठ्यात सापडले नाही. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन धरले जाई आणि महिना सव्वीस दिवसांचा मानला जाई. म्हणजे त्या माणसाचा महिन्याहून अधिक पगार एका फाँटापायी बुडाला. दोष आमचाच होता, आम्ही खबरदारी घेतली नव्हती. तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

मागे लागल्यावर जो इतिहास हाती आला तो मोठा उद्बोधक आहे. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर हवे तसे वापरावे, त्याची घडण अभ्यासावी, ते दुसऱ्याला द्यावे आणि सुधारून पुन्हा वाटावे, या चार मोकळिकी त्यांनी मागितल्या. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि मुक्त असे दोन अर्थ कोंबलेले असल्याने तिकडे अद्याप घोटाळा होतो. आपली मराठी या बाबतीत भाग्यवान. फुकट वेगळे, मुक्त वेगळे. चोरून घेतलेली नक्कल फुकट असते, पण मुक्त नसते. जी संघटना मालकाला कायदा पाळायला सांगते, तिने स्वतःच्या कचेरीत चोरीची नक्कल वापरणे शोभत नाही, हेही आम्हांला उशिराच उमगले.

त्याच सुमारास, 1985 च्या आसपास, जर्मनीत मार्को ब्योरीस नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाने 'स्टारऑफिस'चा पाया घातला. 1999 साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने त्याची कंपनी विकत घेतली आणि 2000 साली त्या सॉफ्टवेअरची घडण सर्वांना खुली केली. 2002 च्या मे महिन्यात 'ओपनऑफिस'ची पहिली पूर्ण आवृत्ती आली. 2010 च्या आरंभी सन कंपनीच ओरॅकलच्या हाती गेली. नवा मालक काय करील, याची धास्ती वाटून काम करणाऱ्यांपैकी अनेकजण बाहेर पडले. 28 सप्टेंबर 2010 रोजी त्यांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन'ची घोषणा केली आणि जानेवारी 2011 मध्ये 'लिब्रेऑफिस'ची पहिली आवृत्ती बाहेर आली. मालक बदलल्यावर कामगारांनी अवजारांसह फाटकाबाहेर पडून कारखाना पुन्हा सुरू करावा, असे आमच्या चळवळीत क्वचितच घडले असेल. येथे ते घडले, कारण अवजारे आधीच मुक्त झाली होती.

परंतु अवजाराहून कागदाचा नमुना महत्त्वाचा. 'ओपन डॉक्युमेंट' हा नमुना 2006 साली आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याची फाईल म्हणजे दाबून बांधलेले गाठोडे असते. ते कोणत्याही साध्या साधनाने सोडले तर आत मजकूर वाचता येईल असा सापडतो. पुढे मायक्रोसॉफ्टचा नवा नमुनाही मानक म्हणून पुढे आला. त्या वेळी, 2007 च्या मतदानात, भारताने विरोधी मत दिले आणि 2008 मध्येही ते बदलले नाही. तो नमुना अखेरीस मंजूर झाला. तथापि सरकारी कागद कोणत्या भाषेत बांधावा हा लोकांचा प्रश्न आहे, हे त्या वादाने जगाला दाखवले. 2010 साली केंद्र सरकारने खुल्या मानकांचे आणि 2015 साली मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले.

मराठीची बाजूही यात आहे. 1991 साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायम क्रमांक आला आणि सोंगाची गरज उरली नाही. पुण्यातील रेड हॅट कंपनीच्या कचेरीत 'लोहित' या मुक्त फाँटांचे काम झाले. लिब्रेऑफिसच्या आज्ञा मराठीत आल्या. मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने त्याचे धडे मराठीतूनही तयार केले. आमच्या मंडळींनी हेच सॉफ्टवेअर वापरून पगारपत्रक कसे वाचावे याचे तक्ते केले आणि कामगारांना भिंतीवर दाखवले. ज्यांनी कधी माऊस धरला नव्हता, त्यांनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीची कपात स्वतः मोजली.

अडचणी नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. एका सॉफ्टवेअरमधला तक्ता दुसऱ्यात उघडला की ओळी सरकतात. सवय मोडताना कारकून कुरकुरतो. म्युनिक नगरपालिकेने 2003 साली मुक्त प्रणालीचा निर्णय घेतला, वर्षानुवर्षे राबवला आणि 2017 साली मागे वळण्याचे ठरवले. दुसरीकडे त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2024 साली सुमारे 30,000 सरकारी संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचे जाहीर केले. सारांश, हा लढा एकदा जिंकून संपत नाही. वर्गणीसारखा तो दर महिन्याला भरावा लागतो.

आपल्यापैकी कोणी पतपेढी चालवतो, कोणी गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस आहे, कोणी भजनी मंडळाचा हिशेब ठेवतो. त्यांना आमची विनंती एवढीच. मराठी युनिकोडमध्ये लिहा, मूळ फाईल खुल्या नमुन्यात ठेवा, आणि महत्त्वाच्या कागदाची छापील प्रत पाने मोजून जपा. हरवलेल्या एका पानाची किंमत काय असते, हे आम्ही एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाकडे पाहून शिकलो. तो आमच्यावर रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, "साहेब, दोन वर्षं मी कामावर नव्हतो काय?"