दोन ॲनी मूर आणि एक कबर

सामान्य माणसाचे चरित्र लिहिणे राजाच्या चरित्रापेक्षा अवघड असते. राजाविषयी लिहिण्यासाठी पदरी माणसे ठेवलेली असतात. गरिबाविषयी कोणी लिहिते ते केवळ त्याच्याशी काही व्यवहार पडला म्हणून. जहाजावरचा कारकून त्याचे नाव लिहितो, कारण प्रवासी मोजायचे असतात. धर्मगुरू लिहितो, कारण बाप्तिस्मा झालेला असतो. बँक लिहिते, कारण तिला पैसे चुकीच्या माणसाच्या हाती जायला नको असतात. यांपैकी कोणालाही त्या माणसाचे आयुष्य सांगायचे नसते. तरीही पुढे ते आयुष्य जुळवायचे झाले, तर याच तुटक नोंदींवर भिस्त ठेवावी लागते. आणि नोंदी जिथे संपतात तिथे कथा शिरते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या एका आयरिश कुटुंबाच्या निमित्ताने या कथेच्या शिरकावाकडे साहित्याच्या अभ्यासकांनी पाहावे, असे आम्हांस वाटते.

आयर्लंडमधून अमेरिकेकडे लोक आधीपासूनच जात होते. मात्र १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढच्या सहा-सात वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली. दहा लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला. दुष्काळ सरला तरी ही वाट बंद झाली नाही. एक भाऊ पुढे जाई, कमावलेल्या पैशांतून दुसऱ्याचे तिकीट पाठवी. मग बहीण, मग आईवडील. कुटुंबे अशी तुकड्यातुकड्यांनी समुद्र ओलांडत होती. पुष्कळदा हे तुकडे पुन्हा जुळतच नसत. बोस्टनमधील ‘पायलट’ या पत्राने १८३१ पासून १९२१ पर्यंत, म्हणजे नव्वद वर्षे, हरवलेल्या आप्तांचा शोध घेणाऱ्या जाहिराती छापल्या, यावरून या तुटीची व्याप्ती ध्यानात यावी.

या लोकांची कागदपत्रे शोधू जाणाऱ्याची वाट दोन्ही किनाऱ्यांवर अडते. आयर्लंडमध्ये १८२१ ते १८५१ या काळातील चार खानेसुमाऱ्यांचे बहुतेक मूळ कागद ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या धामधुमीत, डब्लिनच्या दप्तरखान्याला लागलेल्या आगीत गेले. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारनेच आधी नष्ट करविले होते आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या टंचाईपायी लगद्यात गेले. अमेरिकेत १८५० पूर्वीच्या खानेसुमारीत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. बायकामुले म्हणजे नुसते आकडे. १८५० पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव येऊ लागले, पण जन्मस्थळाच्या रकान्यात बहुधा ‘आयर्लंड’ एवढाच शब्द. कोणता परगणा, कोणते गाव, याचा पत्ता नाही. पुढे १८९० च्या खानेसुमारीचे कागद १९२१ साली वॉशिंग्टनमधील आगीत सापडले आणि त्यांतले फारच थोडे उरले.

म्हणूनच अनपेक्षित ठिकाणी मिळणाऱ्या नोंदींचे मोल मोठे. न्यू यॉर्कमध्ये १८५० साली आयरिश स्थलांतरितांसाठी ‘एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक’ निघाली. तिच्या खातेदारांत एकाच नावाची माणसे ढिगाने असत आणि अनेकांना सहीही करता येत नसे. तेव्हा माणूस तोच आहे हे पटविण्यासाठी बँकेने त्याला प्रश्न विचारून उत्तरे वहीत टिपून ठेवली : जन्म कोठला, कोणत्या जहाजाने आलात, आईवडील कोण, भावंडे किती, त्यांपैकी कोण कोठे आहेत. सावकारी सावधगिरीतून लिहिलेली ही वही आज अनेक घराण्यांच्या इतिहासाचा पहिला धागा ठरते.

आता आमच्या मूळ विषयाकडे वळू. १ जानेवारी १८९२ रोजी न्यू यॉर्क बंदरातील एलिस बेटावर स्थलांतरितांच्या तपासणीचे नवे केंद्र उघडले. १९५४ साली ते बंद होईपर्यंत सुमारे एक कोटी वीस लाख माणसे तेथून अमेरिकेत शिरली. त्यांतली पहिली म्हणून नोंद झाली ती कॉर्क परगण्यातून आलेल्या ॲनी मूर या मुलीची. ‘नेव्हाडा’ या जहाजातून ती अँथनी आणि फिलिप या दोन धाकट्या भावांना घेऊन आली होती. आईवडील, मॅथ्यू आणि ज्युलिया, १८८८ मध्येच पुढे येऊन मॅनहॅटनच्या मनरो स्ट्रीटवर राहत होते. केंद्राचे प्रमुख कर्नल वेबर यांनी तिच्या हातावर दहा डॉलरचे सोन्याचे नाणे ठेवले. वृत्तपत्रांनी लिहिले की मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि आजच तिचा वाढदिवस आहे. वास्तविक तिचा जन्म १८७४ सालचा. ती सतरा वर्षांची होती आणि वाढदिवस जानेवारीत नव्हताच. म्हणजे किनाऱ्यावर पाऊल पडल्याच्या पहिल्याच दिवशी तिच्या आयुष्यात कथेने हात घातला होता. नव्या केंद्राचा आरंभ, नवे वर्ष आणि मुलीचा वाढदिवस हा त्रिवेणी योग बातमीदाराला सोडवला नसावा.

त्यानंतर ॲनी मूर वृत्तपत्रांतून नाहीशी झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एलिस बेटाकडे राष्ट्रीय स्मारक म्हणून पाहिले जाऊ लागले, तेव्हा त्या पहिल्या मुलीचे पुढे काय झाले हा प्रश्न उपस्थित झाला आणि त्याला एक उत्तरही मिळाले. टेक्ससमध्ये ॲनी मूर नावाची एक स्त्री होऊन गेली होती. तिचा विवाह आयर्लंडचा थोर पुढारी डॅनियल ओकॉनेल याच्या घराण्यातील म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गृहस्थाशी झाला होता आणि १९२३ साली फोर्ट वर्थजवळ अपघातात तिचा अंत झाला होता. तीच ही ॲनी, असे तिच्या घरच्यांनी निष्ठेने मानले, पुस्तकांनी छापले आणि तिच्या वंशजांना समारंभांतून मान मिळाला. १९९३ साली शिल्पकार जीन राइनहार्ट यांनी घडविलेले ॲनीचे पुतळे दोन्ही किनाऱ्यांवर उभे राहिले : एक एलिस बेटावर आणि एक आयर्लंडमधील कोव्ह बंदरात, जेथून तिचे जहाज निघाले होते.

वंशेतिहासाच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक यांनी टेक्ससच्या ॲनीचे कागद तपासले तेव्हा एक साधी गोष्ट दिसली. तिचे जन्मस्थळ इलिनॉय असे नोंदलेले होते. जी अमेरिकेतच जन्मली ती स्थलांतरित म्हणून एलिस बेटावर उतरणार कशी? हा कागद कोणी लपवून ठेवलेला नव्हता. तो पाहण्याची गरजच कोणाला वाटली नव्हती.

मग खरी ॲनी कोठे? स्मोलेन्याक यांनी २००६ साली या शोधासाठी एक हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि थोड्याच काळात कोडे सुटले. ते ज्या मार्गाने सुटले तो लक्षात घेण्याजोगा आहे. न्यू यॉर्कमध्ये मूर आडनावाच्या कितीतरी ॲनी असणार. शिवाय लग्न झाले की आडनाव बदलणार. त्यात भर म्हणजे १८५५ ते १९२२ या काळात अमेरिकेत विवाहित स्त्रीचे नागरिकत्व नवऱ्याच्या नागरिकत्वावरून ठरत असे; तिला वेगळा अर्ज करण्याचे कारण पडत नसे, म्हणून तिच्या नावाचा दाखलाही बहुधा नसे. कायद्याने तिचे नाव नवऱ्याच्या नावात जिरविले होते. अशा वेळी तिच्या मागे न जाता तिच्या भावामागे जावे लागते. न्यू यॉर्क शहराच्या दप्तरखात्याचे आयुक्त ब्रायन अँडरसन यांना फिलिप मूरचा नागरिकत्वाचा दाखला मिळाला. जहाजावर बहिणीचे बोट धरून आलेल्या भावाने शतकानंतर बहिणीला कागदांतून परत आणले. त्याच्या वंशजांपर्यंत पोहोचता आले आणि तेथून ॲनीच्या घरापर्यंत.

ती कोठेही गेलेली नव्हती. जेथे उतरली त्याच मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडच्या दाटीवाटीच्या वस्तीत, मोजक्या गल्ल्यांच्या परिघात, तिचे सारे आयुष्य गेले. फुल्टन मासळीबाजारात विक्रेत्याचे काम करणाऱ्या जोसेफ ऑगस्टस शायर या जर्मन स्थलांतरितांच्या मुलाशी तिने लग्न केले. तिला निदान अकरा मुले झाली; त्यांपैकी पाच मोठी झाली. ६ डिसेंबर १९२४ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने ती वारली आणि क्वीन्समधील कॅलव्हरी दफनभूमीत तिला पुरले. कबरीवर दगड नव्हता.

अकरांतली पाच, या आकड्यापाशी थोडे थांबावे. १९०० आणि १९१० च्या अमेरिकी खानेसुमारीत स्त्रियांना दोन प्रश्न लागोपाठ विचारले जात : आजवर किती मुले झाली आणि आज किती हयात आहेत. दाराशी उभ्या परक्या कारकुनाला ही दोन उत्तरे द्यायची आणि त्याने ती शेजारशेजारच्या रकान्यांत भरायची. स्थलांतराच्या इतिहासावर कितीही ग्रंथ वाचले तरी त्या दोन रकान्यांतील अंतराइतके दुसरे काही आम्हांस अस्वस्थ करीत नाही. मूर कुटुंबाच्या बाबतीत कागदांतले अंतरही तसेच आहे. कॉर्कमध्ये ज्या खानेसुमारीत लहानगी ॲनी सापडली असती तिचा लगदा झाला. आणि न्यू यॉर्कमध्ये आईवडील ज्या खानेसुमारीत सापडले असते ती जळाली. एलिस बेटावरची ती पहिली लाकडी इमारतही जून १८९७ मध्ये आगीत भस्मसात झाली. मागे राहिली ती प्रवाशांच्या यादीतली एक ओळ, एका भावाचा दाखला, चर्च आणि दफनभूमीच्या नोंदी.

प्रश्न असा की टेक्ससची कथा इतकी वर्षे कशी टिकली? कोणी लबाडी केली असे दिसत नाही. टिकण्याचे कारण त्या कथेच्या घाटात आहे. पूर्वेच्या किनाऱ्यावर उतरलेली मुलगी पश्चिमेकडे जाते, मोकळ्या भूमीत संसार मांडते आणि एका कीर्तिमंत घराण्याशी नाते जोडते. अमेरिकेला स्वतःविषयी जी गोष्ट सांगायला आवडते तिचे सारे टप्पे यात आहेत. उलट खऱ्या ॲनीच्या आयुष्यात उत्कर्षाचा टप्पाच नाही. कादंबरी वाचणाऱ्याला प्रवासाचा शेवट हवा असतो. गल्लीतच राहिलेल्या बाईच्या प्रवासाला तो मिळत नाही. साहित्याचे विद्यार्थी कथनाचे घाट ओळखायला शिकतात, ते बहुधा कथा-कादंबरीपुरते. तीच नजर इतिहासाकडे वळविली तर ज्या ठिकाणी हकीकत फारच सुबक बसते त्या ठिकाणी कागद मागावा, एवढे तरी उमगेल. राजवाड्यांनी अस्सल साधनांचा जो आग्रह धरला तो मराठी वाचकास परिचित आहे. दरबारी पत्रांइतकाच तो एका मासळीविक्रेत्याच्या बायकोच्या बाबतीतही लागू पडतो.

या चुकीने खऱ्या ॲनीचे नाव हरवले, हे सर्वांच्या ध्यानात येते. दुसरे नुकसान तितके बोलले जात नाही. इलिनॉयमध्ये जन्मून टेक्ससमध्ये मरण पावलेल्या स्त्रीलाही तिचे स्वतःचे आयुष्य होते. दुसऱ्या मुलीच्या जहाजावर तिला बसविले गेले आणि तिचे स्वतःचे बालपण पुसले गेले. कोडे सुटल्यावर बातम्यांतून ती ‘खोटी ॲनी’ म्हणून उरली. तिने स्वतः मात्र पुढे ग्रंथांत आणि समारंभांत जो मान मिळाला तो मागितला नव्हता. घराण्याचा इतिहास शोधताना एक दुवा चुकीचा जोडला तर दोन माणसे हरवतात, हे या प्रकरणातून आम्ही शिकलो.

खऱ्या ॲनीच्या वंशजांत आज आयरिश आडनावांबरोबर ज्यू, इटालियन आणि स्कँडिनेव्हियन आडनावेही आहेत. पश्चिमेकडे न जाताही हे कुटुंब अमेरिकी झाले. त्याला चार पिढ्या आणि शेजारपाजारचे विवाह पुरले. ११ ऑक्टोबर २००८ रोजी कॅलव्हरी दफनभूमीत तिच्या कबरीवर आयर्लंडहून आणलेल्या निळसर चुनखडीचा केल्टिक क्रूस उभारण्यात आला. तिच्या मृत्यूला तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षे होत आली होती, आणि तिचा पुतळा त्याच शहराच्या बंदरात पंधरा वर्षांपासून उभा होता.