सातारा : मराठा राज्याची राजधानी

सातारा हे अजिंक्यतारा किल्ल्याच्या उत्तर पायथ्याशी वसलेले, कृष्णा व वेण्णा या नद्यांच्या संगमाजवळचे ऐतिहासिक शहर असून, १७०८ ते १८४८ या काळात ते छत्रपतींच्या गादीचे ठिकाण होते. किल्ल्याची उभारणी परंपरेने शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे दिली जाते. बहमनी व आदिलशाही अमलानंतर १६७३ मध्ये तो शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला.

राजधानी म्हणून साताऱ्याचा पहिला कालखंड अल्पकाळ टिकला. जिंजीहून परतलेल्या छत्रपती राजारामांनी येथे राज्याचे ठाणे केले. परंतु डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने स्वतः वेढा घातला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी चिवट झुंज देऊनही एप्रिल १७०० मध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला. त्यांनी त्याचे ‘आझमतारा’ असे नामकरण केले. ताराबाईंच्या काळात मराठ्यांनी तो परत जिंकला व पुढे तो ‘अजिंक्यतारा’ म्हणून ओळखला गेला.

मोगलांच्या कैदेतून सुटलेल्या शाहू महाराजांचा राज्याभिषेक १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास झाला. त्यांनी किल्ल्याखाली वसवलेली वस्ती म्हणजे शाहूनगर होय. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा या पेठांच्या नावांतून शहराची जुनी रचना आजही वाचता येते. १७४९ मध्ये शाहूंचे निधन झाल्यावर कारभाराची सूत्रे पूर्णतः पुण्याच्या पेशव्यांकडे गेली, तरी पेशवेपदाची वस्त्रे, म्हणजे नेमणुकीचा अधिकृत मानपोशाख, साताऱ्याहूनच येत असत. १७९६ मध्ये दुसऱ्या बाजीरावालाही ती येथूनच घ्यावी लागली. जपानमध्ये सम्राट क्योतोत आणि प्रत्यक्ष सत्ता एदो येथील शोगुनांकडे, म्हणजे लष्करी शासकांकडे, अशी जी विभागणी १६०३ पासून १८६८ पर्यंत होती, तिच्याशी या व्यवस्थेचे साम्य आहे. 

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर ब्रिटिशांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर प्रस्थापित केले. ग्रँट डफ हा येथील पहिला रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा दरबारातील प्रतिनिधी. प्रतापसिंहांनी रस्ते, शिक्षण व पाणीपुरवठा यांकडे लक्ष पुरवले. महादरे तलाव आणि किल्ल्याच्या उतारावरील चार भिंती ही त्यांच्या कारकिर्दीची स्मारके होत. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे झुंज दिली, पण न्याय मिळाला नाही. प्रतापसिंहांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांचे १८४८ मध्ये निधन झाले, तेव्हा डलहौसीने दत्तक वारस नाकारून राज्य खालसा केले.

शहराचा वारसा किल्ल्यापुरता मर्यादित नाही. संगम माहुली येथे घाट, विश्वेश्वराचे मंदिर आणि राजघराण्याच्या समाध्या असून, शाहूंच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधीही तेथे आहे. जुन्या राजवाड्यात पुढे शाळा भरू लागली आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथे बाल भीमरावांचा, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा, प्रवेश झाला. हजेरीपटाच्या नोंदवहीत त्यांचा क्रमांक १९१४ आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाने छत्रपतींच्या वाड्यात अक्षरे गिरवावीत, ही घटना या वास्तूच्या राजकीय इतिहासाइतकीच मोलाची असून, राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

१९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. किल्ला, वाडे, तलाव व पेठा यांचे एकत्रित जतन झाले, तरच राजधानी म्हणून साताऱ्याचा इतिहास पुढील पिढ्यांना समग्रपणे कळू शकेल.